एनर्जी शेअर्सबद्दल आमच्याकडे सारखे विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांत तीन प्रकारची माणसं हमखास सापडतात, जीईबीवाले (म्हणजे गुजरातच्या वीज मंडळातले), रिफायनरीवाले आणि ओएनजीसीवाले. माझे बाबा जीईबीत, थोरले काका कोयलीच्या रिफायनरीत आणि मामा ओएनजीसीत होते, त्यामुळे वीज आणि तेल हे विषय आमच्याकडे वरण-भाताबरोबर वाढले जायचे. मी अकाउंट्सचं काम करते, वीस-पंचवीस वर्षं स्वतः शेअर घेतेय, आणि दिवाळीत, लग्नकार्यात, खंडेराव मार्केटात भाजी घेताना सुद्धा लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली. मी सेबीकडे, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेली सल्लागार नाही. हा घ्या, तो विका असं यात काही नाहीये, कसं बघायचं तेवढं आहे.

एनर्जी शेअर म्हणजे नक्की कुठले कुठले?

हा प्रश्न पहिला कारण बराचसा गोंधळ इथेच होतो. टीव्हीवर "एनर्जी सेक्टर तेजीत" असं म्हणतात आणि आपल्याला वाटतं सगळं एकच आहे. ओएनजीसी, ऑइल इंडिया, कोल इंडिया हे जमिनीतून माल काढणारे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम (बीपीसीएल), हिंदुस्तान पेट्रोलियम हे कच्चं तेल विकत घेऊन पेट्रोल-डिझेल करून पंपावर विकणारे. एनटीपीसी, टाटा पॉवर, आपल्या रणोलीची जीआयपीसीएल हे वीज बनवणारे. पॉवर ग्रिड वीज वाहून नेणारी, सुझलॉन आणि वारी पवनचक्क्या नि सोलर पॅनेल बनवणाऱ्या, पीएफसी, आरईसी, इरेडा ह्या सगळ्यांना कर्ज देणाऱ्या. रिलायन्स तर तेल, मोबाइल आणि दुकानं असं सगळंच करते. ह्यातल्या एकाला ज्या बातमीने फायदा होतो त्याच बातमीने दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं.

मी स्वतः एकच प्रश्न धरून बसते, ह्या कंपनीच्या मालाचा भाव कोण ठरवतं? जगाचा बाजार, दिल्लीतलं सरकार, वीज नियामक आयोग, की कंपनी स्वतः? हे कळलं की निम्मं काम झालं, आणि खालच्या बहुतेक उत्तरांत हेच परत परत येईल.

तेल महागलं तर तेल कंपन्यांचा फायदा व्हायला हवा ना? मग हिंदुस्तान पेट्रोलियम, बीपीसीएल पडतात का?

कारण त्यांच्यासाठी कच्चं तेल हा खर्च आहे. हे म्हणजे सेव-उसळीच्या दुकानाला वाटाणा महाग झाल्यासारखं आहे, फक्त इथे प्लेटचा भाव वाढवायचा का नाही हे दुकानदाराच्या एकट्याच्या हातात नसतं.

कागदावर पाहिलं तर पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, जून २०१७ पासून तर रोज भाव बदलायला लागले. सगळ्यांना वाटलं आता ह्या कंपन्या मोकळ्या झाल्या आणि शेअर जोरात वर गेले. मग आला ४ ऑक्टोबर २०१८. तेल महाग झालेलं, लोक वैतागलेले, तेव्हा अर्थमंत्री अरुण जेटलींनी जाहीर केलं की लिटरमागे दीड रुपया एक्साइज सरकार कमी करेल आणि एक रुपया तेल कंपन्यांनी सोसायचा. एक रुपया! पण बाजाराला त्या एका रुपयात कळलं की भाव अजून सरकारच्याच हातात आहे, आणि दुसऱ्या दिवशी हिंदुस्तान पेट्रोलियमचा शेअर जवळजवळ पाव भाग खाली आला, बीपीसीएल आणि इंडियन ऑइल पण जोरात आपटले. माझ्या एका चुलतभावाने आदल्या आठवड्यातच घेऊन ठेवले होते, त्याने मला फोन करून विचारलं की ताई, रुपयाने एवढं काय होतं, मी त्याला म्हटलं रुपयाचा हिशोब करू नकोस, रुपया कोणी कापला ते बघ.

तसंच २०२२ ला झालं. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, मार्चमध्ये ब्रेंट क्रूड, म्हणजे ज्याचा भाव जगभर धरतात ते कच्चं तेल, बॅरलला १३९ डॉलरच्या आसपास जाऊन आलं, आणि इथे पंपावरचे भाव एप्रिलच्या सुरुवातीपासून हलायचे थांबले. एप्रिल ते जून २०२२ ह्या तिमाहीत हिंदुस्तान पेट्रोलियमला १०,१९७ कोटींचा तोटा झाला, बीपीसीएलला सहा हजार कोटींवर, आणि इंडियन ऑइलला सुमारे १,९९३ कोटी. काका रिफायनरीतून रिटायर झालेले, ते हे ऐकून दोन दिवस अस्वस्थ होते, म्हणाले प्लांट शंभर टक्के चाललाय आणि तोटा कसा? काका, प्लांटचा दोष नाहीच ह्यात.

आता उलटी बाजू पण सांगते, कारण इथेच लोक घाईत विकून बसतात. क्रूड उतरलं, पंपावरचे भाव मात्र तसेच राहिले, आणि २०२३-२४ ह्या वर्षात इंडियन ऑइलने ३९,६१९ कोटींचा नफा कमावला, तिन्ही कंपन्यांचा मिळून रेकॉर्ड. मग मार्च २०२४ ला लिटरमागे दोन रुपये कमी झाले, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर. म्हणजे ह्या कंपन्यांचा शेअर धरायचा तर क्रूडचा भाव, पंपावरचा भाव आणि निवडणुकांचं कॅलेंडर असं तिन्ही एकत्र धरून बसायची तयारी पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याने लांब राहिलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तेल चढलं की ओएनजीसी घ्यायचा, बरोबर?

अर्धं बरोबर. ओएनजीसी तेल काढते, भाव चढला की तिला जास्त मिळतात हे खरं. पण फार चढला की सरकार दारात उभं राहतं. १ जुलै २०२२ ला सरकारने देशात काढलेल्या क्रूडवर टनाला २३,२५० रुपये जादा कर लावला, त्यालाच विंडफॉल टॅक्स म्हणायला लागले, आणि त्याच दिवशी ओएनजीसी तेरा टक्क्यांच्या आसपास पडला, रिलायन्स सात टक्के, कारण पेट्रोल-डिझेलच्या निर्यातीवर पण कर बसला होता. तो कर दर पंधरा दिवसांनी बदलत राहिला आणि शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकला.

गॅसचं अजून वेगळं. ओएनजीसीच्या जुन्या विहिरींमधल्या गॅसला एप्रिल २०२३ पासून भारतीय क्रूडच्या भावाच्या दहा टक्के असा भाव मिळतो पण त्याला वरून झाकण आहे, सुरुवातीला साडेसहा डॉलर आणि २०२५ पासून थोडं थोडं वाढणारं. म्हणजे वर जायला मर्यादा आहे. खाली मात्र चार डॉलरचा आधार पण आहे, ही गोष्ट लोक विसरतात. मामा म्हणायचे, विहीर आपली असली तरी पोहरा सरकारचा आहे, ते मला फार पटतं.

सेंटिमेंट सेंटिमेंट म्हणतात ते नक्की काय आणि ते मोजता येतं का?

साध्या भाषेत, कंपनीत काही बदललेलं नसताना लोक तिच्यासाठी किती पैसे मोजायला तयार आहेत ते. नफा तोच, पण काल लोक त्याच्या दहा पट द्यायला तयार होते आणि आज पंचवीस पट देतायत, मधला फरक म्हणजे सेंटिमेंट.

मोजायचे काही मार्ग आहेत. इंडिया व्हीआयएक्स बघतात, त्याने पुढच्या महिनाभरात निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरांचा निर्देशांक, किती हलेल असं ऑप्शनवाल्यांना वाटतंय ते कळतं, घाबरगुंडी वाढली की तो चढतो. परदेशी संस्था रोज किती विकतायत आणि आपल्या म्युच्युअल फंडवाल्या किती घेतायत हे आकडे संध्याकाळी येतात. पण मला विचाराल तर सगळ्यात खरा मीटर म्हणजे आयपीओला (कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्याला) किती पट मागणी आली तो. जानेवारी २००८ मध्ये रिलायन्स पॉवरचा आयपीओ आला, ४५० रुपये भाव, कंपनीकडे तेव्हा चालू असलेले मोठे प्रकल्प जवळपास नव्हतेच, बहुतेक सगळं पुढे बांधायचं होतं, तरी ७३ पट अर्ज आले आणि साडेअकरा हजार कोटींहून जास्त गोळा झाले. सयाजीगंजात तेव्हा आपला बडोद्याचा स्वतःचा शेअरबाजार होता, त्या भागात फॉर्म भरायला लागलेल्या रांगा मी डोळ्यांनी बघितल्यात, ज्यांनी आयुष्यात एफडीशिवाय काही केलं नव्हतं अशी माणसं त्या रांगेत होती. ११ फेब्रुवारीला लिस्टिंग झालं, ५४७ ला उघडून दिवसअखेर ३७२ वर बंद. पुढे बोनस शेअर (फुकट जादा शेअर) दिले तरी तो भाव परत आला नाही आणि २०२० मध्ये शेअर रुपया-दीड रुपयापर्यंत गेला.

माझं निरीक्षण सांगते. जेव्हा एखाद्या वीज कंपनीबद्दल "किती युनिट विकते आणि काय भावाने" हे कोणी विचारतच नाही आणि फक्त "अलॉटमेंट लागली का" एवढंच विचारतात, तेव्हा मी काही घेत नाही.

युद्धाची बातमी आली की लगेच तेलाचे शेअर घ्यावेत का?

नाही. जून २०२५ ला इस्रायल-इराण भडकलं, होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार अशा बातम्या सुरू झाल्या, आणि जगातल्या तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिथून जातो त्यामुळे भीती खोटी नव्हती. ब्रेंट सत्तरच्या खालून ऐंशीच्या जवळ गेलं आणि बारा दिवसांत युद्धविराम झाल्यावर परत खाली. ज्याने बातमी वाचून घेतलं त्याने वरच्या भावाला घेतलं. बातमी आपल्या हातात येईपर्यंत भाव हललेला असतो, आपण ऑफिसातून घरी येऊन चहा घेऊन मोबाइल उघडतो तोपर्यंत सिंगापूर, लंडन सगळे घेऊन मोकळे झालेले असतात.

एनटीपीसी आणि पॉवर ग्रिडला सगळे स्लो शेअर म्हणतात, का?

कारण त्यांचा नफा बऱ्याच अंशी आधीच ठरलेला असतो, आणि मला तर तेच आवडतं. एनटीपीसीच्या जुन्या पद्धतीच्या प्रकल्पांचं असं आहे की बांधायला जेवढं भागभांडवल लागलं त्यावर केंद्रीय वीज नियामक आयोग साडेपंधरा टक्के परतावा मंजूर करतो, कोळशाचा खर्च वीज घेणाऱ्याकडून वसूल होतो, अट एवढीच की प्लांट ठरलेल्या प्रमाणात, साधारण पंच्याऐंशी टक्के, उपलब्ध ठेवायचा. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार मिळतो. बाबा ह्याला "घरभाड्यासारखं" म्हणायचे, भाडेकरू गावाला गेला तरी भाडं द्यायचंच.

म्हणजे नफा वाढायचा तर नवीन प्रकल्प उभे राहायला पाहिजेत, दुसरा रस्ता नाही. म्हणून ह्या कंपन्यांत मी एकच गोष्ट बघते, वर्षात किती भांडवली खर्च केला आणि किती मेगावॅट किंवा किती किलोमीटर लाइन प्रत्यक्ष चालू झाली. पॉवर ग्रिडचे नवे प्रकल्प बोलीने मिळतात, तिथे कमी बोली लावून प्रकल्प घेतला तर परतावा पण कमी, हे लक्षात ठेवा.

आणि जिथे कोळशाचा खर्च ग्राहकावर टाकता येत नाही तिथे काय होतं ते मुंद्र्यात बघायला मिळालं. टाटा पॉवरने ४,००० मेगावॅटचा प्रकल्प युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे असा भाव लावून जिंकला, कोळसा इंडोनेशियातून आणायचा होता, आणि मग इंडोनेशियाने नियम बदलून कोळसा बाजारभावाला जोडला. भाव ठरलेला, खर्च चढलेला. कंपनीने भाव वाढवून मागितला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. धंदा एनटीपीसीसारखाच, कोळशापासून वीज बनवायचा, पण करारातल्या एका ओळीने शेअरहोल्डरांची वर्षं गेली.

सोलर आणि विंडमध्ये आता एंट्री घ्यावी का? सगळे घेतायत.

सगळे घेतायत हे कारण होऊ शकत नाही, हे आधी. बाकी ह्या प्रश्नाला मोठं उत्तर द्यावं लागेल कारण इथे उत्साह खरा आहे, काम खरं आहे, आणि तरीही माणसं पैसे घालवतात.

काम किती खरं आहे बघा. २०२५ च्या मध्यावर देशाच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-गॅस सोडून इतर प्रकारांची झाली, आणि २०३० पर्यंत असे ५०० गिगावॅट करायचं लक्ष्य आहे. फेब्रुवारी २०२४ ला पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं लक्ष्य, तीन किलोवॅट किंवा जास्तीच्या सिस्टिमला ७८,००० रुपये सबसिडी. आमच्याच सोसायटीत गच्च्यांवर पॅनेल दिसायला लागलीत, आत्याचं वीजबिल खरंच जवळजवळ शून्यावर आलंय.

आता सुझलॉनची गोष्ट सांगते, ही प्रत्येकाने पाठ करावी. ऑक्टोबर २००५ ला लिस्टिंग, जानेवारी २००८ मध्ये आजच्या फेसव्हॅल्यूच्या हिशोबाने शेअर साडेचारशेच्या वर. पवनऊर्जा हे भविष्य आहे असं तेव्हा पण सगळे म्हणत होते आणि ते चुकीचं नव्हतं. पण कंपनीने २००७ मध्ये कर्ज काढून जर्मनीची रीपॉवर घेतली, मग जगात मंदी आली, ऑर्डर आटल्या, आणि २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे वेळेवर देता आले नाहीत. २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्या खाली. मग कर्ज उतरलं, धंदा सावरला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर ८६ पर्यंत चढला. दोन रुपयाला घेतला त्याचे चाळीस पट झाले, आणि २००८ ला घेतला तो ८६ च्या भावाला सुद्धा ऐंशी टक्के तोट्यात. दोघांनी एकच कंपनी घेतली, एकाच भविष्यावर विश्वास ठेवला. फरक भावाचा आणि कर्जाचा.

अलीकडचं पण तसंच. इरेडा नोव्हेंबर २०२३ ला ३२ रुपयांना आला, पन्नासला लिस्ट झाला, आठ महिन्यांत ३१० पर्यंत गेला आणि पुढे निम्म्याच्या खाली आला. वारी ऑक्टोबर २०२४ मध्ये १,५०३ ला आला आणि २,५०० ला उघडला. त्यानंतर महिन्याभरात आलेला एनटीपीसी ग्रीन १०८ चा १११ ला उघडला, तेव्हा वातावरण गार होतं. आयपीओचं लिस्टिंग त्या आठवड्याच्या मूडवर किती अवलंबून असतं ते ह्यातून दिसतं.

मग बघायचं काय? पॅनेल बनवणाऱ्या कंपन्यांचा नफा आज चांगला दिसतो त्यात सरकारी संरक्षणाचा मोठा वाटा आहे, आयात पॅनेलवर कस्टम ड्युटी आहे आणि सरकारी प्रकल्पांना मंजूर यादीतलीच पॅनेल वापरावी लागतात. संरक्षण आहे तोपर्यंत ठीक, पण सगळेच कारखाने टाकतायत, मग माल जास्त झाला की भाव पडणार, हे कुठल्याही धंद्यात होतं. वीज विकणाऱ्या सोलर कंपन्यांचं वेगळं, तिथे विचारा की वीज खरेदीचा करार झालाय का, कोणाशी झालाय, आणि लाइन तयार आहे का. कच्छच्या रणातल्या खावड्यात पॅनेल उभी राहतात पटकन, पण वीज बाहेर नेणारी लाइन उभी राहायला त्याहून वेळ लागतो, आणि लाइन नसेल तर ऊन फुकट जातं.

कोळसा तर संपत आलाय ना, मग कोल इंडिया कशाला?

क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असं होत नाही, सूर्य रात्री नसतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटला भिडली, त्या उन्हाळ्यात बडोद्यात रात्री अकराला पण पंख्याचा वारा गरम येत होता, आणि त्या अकराच्या वेळचा एसी मुख्यतः कोळशावर चालतो. त्यामुळे कोळशाच्या कंपन्या लगेच बंद पडतील असं मला वाटत नाही, पण त्या भरभर वाढतील असंही वाटत नाही. दुसरं म्हणजे हवेचा, तब्येतीचा प्रश्न आहे आणि काही जण त्या कारणाने घेत नाहीत, त्यांचा मी आदर करते.

डिव्हिडंड भरपूर देतात म्हणून घेऊन ठेवावेत का?

डिव्हिडंड बघा, पण मागच्या वर्षीचा डिव्हिडंड आजच्या भावाने भागून जो टक्का येतो त्यावर विसंबू नका. तेल-कोळशाच्या कंपन्यांचा नफा चक्रासारखा वर-खाली होतो. नफा शिखरावर असतो तेव्हा डिव्हिडंड मोठा आणि पीई (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) कमी दिसतो, म्हणजे शेअर सगळ्यात स्वस्त दिसतो तेव्हाच तो धोक्याचा असू शकतो. आणि तोटा चालू असताना पीई निघतच नाही, तेव्हा कोणी ढुंकून बघत नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाच्या हातात सातचे पाचच्या आसपासच उरतात. रिटायर्ड माणसांना हे आधी सांगायला हवं आणि कोणी सांगत नाही.

घरातलं माणूस त्याच कंपनीत आहे, त्याला आतलं माहीत असतं ना?

दोन गोष्टी. आतली बातमी जाहीर व्हायच्या आधी तिच्यावर शेअर घेणं-विकणं किंवा ती दुसऱ्याला सांगणं हा सेबीच्या नियमांनी गुन्हा आहे, "जावई सांगत होते" हे चालत नाही. आणि दुसरं, प्लांटवरच्या माणसाला प्लांट माहीत असतो, शेअर नाही. युनिट कधी बंद पडलं, शटडाउन किती दिवस हे त्याला माहीत, पण पंपावरचा भाव, कर, आयोगाचा निर्णय हे त्याच्या साहेबांच्या साहेबांना पण माहीत नसतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. बडोद्यात पगार एनर्जीतून, पेन्शन एनर्जीतून, मुलगा त्याच कंपनीत, आणि वर शेअर पण त्याच कंपनीचे, कारण ती आपली वाटते. आमच्या घरी हे झालंय. एका वीज कंपनीत घरच्या जवळच्या माणसाने नोकरी केली, कर्मचारी कोट्यातून शेअर घेतले, बोनस मिळाला की अजून घेतले, आणि कंपनी अडचणीत आली तेव्हा पगार लांबला आणि शेअर पण कोसळला, एकाच वेळी, मुलीचं लग्न दोन महिन्यांवर असताना. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की तुमची मिळकत ज्या धंद्यातून येते त्या धंद्यात बचत कमीत कमी ठेवा.

ट्रान्सफॉर्मरच्या कंपन्या म्हणजे आपल्याच गावच्या, त्या कशा?

मकरपुरा, मणेजा, सावली, हालोल ह्या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मरचं काम वर्षानुवर्षं चालतं, व्होल्टँप इथलीच, हिताची एनर्जीचा मणेज्याला कारखाना. सोलर वाढलं, लाइनी वाढल्या, डेटा सेंटर आले, सगळ्यांना ट्रान्सफॉर्मर लागतात आणि मोठा ट्रान्सफॉर्मर ऑर्डर दिल्याबरोबर मिळत नाही, म्हणून ह्यांच्याकडे ऑर्डर साचल्या आणि शेअर फार चढले. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीच्या पुरात अर्धं शहर अंधारात गेलं तेव्हा सबस्टेशन काय चीज आहे हे लहान पोरांना पण कळलं. धंदा चांगला आहे ह्यात शंका नाही. पण हाच धंदा २०१२-१८ मध्ये ऑर्डर नसल्याने रडत होता, त्यामुळे आजच्या मार्जिनवर पुढची दहा वर्षं मोजू नका, तांबं आणि सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या खास पोलादी) पत्र्याचा भाव बघत राहा.

स्मार्ट मीटरच्या ऑर्डर मिळालेल्या कंपन्या?

ऑर्डर मोठ्या आहेत. पण मे २०२४ मध्ये आपल्याच शहरात प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते ते आठवा. लोकांच्या घरात शिरणाऱ्या कुठल्याही कामाचा वेग लोकच ठरवतात, कंपनीच्या प्रेझेंटेशनमधलं वेळापत्रक नाही.

क्रूडच्या फ्युचरमध्ये झटपट पैसे होतात असं ऐकलंय.

कृपा करून करू नका. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत क्रूडचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर गेला, आणि इथे एमसीएक्स ह्या वायदे बाजारात एप्रिलचा वायदा उणे २,८८४ रुपयांना सेटल झाला. एक लॉट १०० बॅरलचा. समजा कोणी एक रुपया भावाने, अजून किती पडणार असं म्हणून एक लॉट घेतला असता, तरी त्याला २,८८,५०० रुपये भरावे लागले असते. शून्याच्या खाली भाव जाऊ शकतो हे तोपर्यंत कोणाच्या डोक्यात पण नव्हतं. शेअरच्या एफ अँड ओचं (फ्युचर आणि ऑप्शनचं) बघायचं तर सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत ९३ टक्के लोकांचं नुकसान झालेलं दिसलं, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. शेजारच्या एका मुलाने इथल्या एमएसयू विद्यापीठात शिकताना फीचे पैसे असे घालवले आणि घरी सांगायला तो चार महिने घाबरत होता. त्याच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

बरं, मग पुढची चार-पाच वर्षं कशी दिसतायत?

शेअरचा भाव सांगत नाही, कामाचं सांगते. विजेची मागणी वाढणार ह्याबद्दल मला शंका नाही, एसी, मेट्रो, इलेक्ट्रिक गाड्या, कारखाने, सगळं विजेवर येतंय. त्यामुळे ज्यांचं काम वीज वाहून नेणं आणि साठवणं आहे त्यांच्याकडे काम राहील. अडचण शेवटच्या टोकाला आहे, वीज वितरण कंपन्यांकडे. जून २०२२ मध्ये वीज बनवणाऱ्यांची वितरण कंपन्यांकडे सुमारे १.३८ लाख कोटींची थकबाकी होती, मग केंद्राने हप्ते बांधून दिले, उशीर झाला तर वीज तोडायचा नियम आणला आणि थकबाकी बरीच उतरली. ती परत चढायला लागली तर समजा की पाणी कुठेतरी मुरतंय. आपल्या गुजरातच्या चारही वितरण कंपन्या ह्यात चांगल्या समजल्या जातात, पण एनटीपीसीचे ग्राहक देशभर आहेत.

तेलात भारत जवळजवळ पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर आयात करतो, हे लवकर बदलणार नाही, म्हणून रुपया-डॉलर पण बघावा लागतो.

माझ्याकडे दोन लाख आहेत, किती टाकू?

आधी सांगा हे पैसे कधी लागणारेत. तीन वर्षांच्या आत लागणार असतील तर एकही रुपया नको. नसतील तर एका सेक्टरमध्ये सगळे नको, मी स्वतः सगळ्या एनर्जीत मिळून एकूण शेअरच्या पाचव्या भागाहून जास्त ठेवत नाही, हा माझा आकडा आहे, पुस्तकातला नाही. ज्यांना वेळ नाही त्यांनी साधा निफ्टीचा इंडेक्स फंड घेतला तरी त्यात रिलायन्स, एनटीपीसी, पॉवर ग्रिड, ओएनजीसी, कोल इंडिया येतातच, वेगळं काही करायची गरज नसते.

बाबांच्या ट्रंकेत जुनी कागदी शेअर सर्टिफिकेटं सापडलीयेत, आयपीसीएलची, त्याचं काही होतं का?

होतं, फेकू नका! हा प्रश्न मला बडोद्यात जेवढा विचारतात तेवढा दुसरा कुठलाच नाही. आयपीसीएल २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली, पाच शेअरला रिलायन्सचा एक, आणि त्यानंतर रिलायन्सचे बोनस आले, त्यामुळे पिवळ्या पडलेल्या कागदाची आज चांगली किंमत असू शकते. सात वर्षं सलग डिव्हिडंड घेतला गेला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीत गेलेले असतात, तिथून ते परत मागता येतात, बुडत नाहीत. आधी रिलायन्सच्या रजिस्ट्रारकडे (शेअरहोल्डरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) फोलिओ नंबर देऊन चौकशी करा, केवायसी करून घ्या, मग आयईपीएफ-५ फॉर्म. ज्यांच्या नावावर आहेत ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर चढवायची प्रक्रिया वेगळी आहे, ती अजून चालू आहे. विकत घेतलेल्या कागदी शेअरचं ट्रान्सफर २०१९ पासून बंद झालं, वारसाचं नाही. डीमॅट खातं वारसाच्या नावाने आधी उघडून ठेवा. सही जुळत नाही, नावात "राव" आहे की नाही, आडनावाचं स्पेलिंग वेगळं, ह्यात आमच्याकडे पाच महिने गेले, म्हणून आधारकार्ड, पॅन आणि सर्टिफिकेटवरचं नाव शेजारी ठेवून पहिल्याच दिवशी तपासा. आणि मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती जास्त काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळी मागतात.